उसाला औषध का नाही?

मुलांनो, गेल्या महिन्यात आपल्या सदराच्या नावानं एक जाडजूड पाकीट आलं. आत चार ओळींचं पत्र आणि वहीच्या कागदात गुंडाळलेला उसाच्या पानाचा वीतभर तुकडा. पत्र पाठवणारा सहावीत आहे. त्यानं लिहिलं होतं, "बाई, आमच्या उसाची पानं अशी ठिपक्याठिपक्यांची झालीत. आजोबा म्हणतात, खत कमी पडलं. बाबा म्हणतात, फवारणी करू. दुकानदार म्हणतो, ही बाटली न्या, आठ दिवसांत ऊस हिरवागार. खरं कोणाचं?"

पान वाळून कडकडीत झालं होतं. तरी खिडकीशी उजेडाकडे धरलं तेव्हा त्यावरची फिकट आणि गडद हिरवी नक्षी थोडीफार दिसली. पण वाळल्या पानावरून रोग ओळखायचा म्हणजे फोटोवरून ताप मोजण्यासारखं. म्हणून मी त्याला उलट टपाली कळवलं, की गावच्या कृषी सहायकांना आधी उभं पीक दाखव. त्यांनी येऊन पाहिलं आणि सांगितलं, हा मोझॅक आहे. म्हणजे खतही नको, फवारणीही नको आणि ती बाटली तर नकोच नको. (आजोबांनी रागावू नये. खत कमी पडलं तरी पानं पिवळी पडतातच.)

आता तुम्ही विचाराल, रोग आहे म्हटल्यावर औषध का नको?

मोझॅक हा विषाणूचा रोग. विषाणू हा शब्द तुम्हाला नवा नाही. तुमच्यातल्या मोठ्यांना २०२० सालची टाळेबंदी आठवत असेल, लहानांनी ती घरच्यांकडून ऐकली असेल. उसाचा विषाणू मात्र वेगळा, त्याचा माणसाला काही त्रास नाही. दिसायला तो चेंडूसारखा नसून आखूड, लवचीक दोऱ्यासारखा असतो. तुमच्या पट्टीवरची एक मिलिमीटरची खाच बघा. त्या खाचेत असे दोरे एकापुढे एक ठेवले तर तेराशेच्या आसपास बसतील. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही. त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच लागतो.

हा दोरा स्वतः खात नाही, पीत नाही, वाढत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या पेशीत शिरतो. पेशी म्हणजे एक छोटासा छापखानाच समजा. तिथे रोज उसाच्या कामाच्या गोष्टी तयार होत असतात. विषाणू आत शिरतो आणि त्याच यंत्रावर, त्याच शाईनं स्वतःच्या प्रती छापून घेतो. मग पानातलं हरितद्रव्य जागोजागी कमी पडतं, तिथे फिकट डाग दिसतात. जिथे ते टिकून आहे तिथे गडद हिरवी बेटं दिसतात. हिरवेपणा घटला की पान अन्न कमी बनवतं. कांड्या आखूड राहतात, उसाचं वजन भरत नाही, साखर उतरते.

आता औषधाचं. बुरशीच्या रोगावर बुरशीनाशक चालतं. जिवाणू मारायला प्रतिजैविकं आहेत. पण विषाणू पेशीच्या आत, तिच्याच यंत्राला चिकटून काम करतो. त्याला मारायला जावं तर पेशीच मरायची. पिकावर फवारून आतला विषाणू मारील असं औषध आज शेतकऱ्याच्या हाती नाही. म्हणून कोणी "व्हायरसवर खात्रीचा उपाय" म्हणून बाटली पुढे केली, तर पैसे खिशातच ठेवावेत. पालकहो, हे वाक्य तुमच्यासाठी.

(आमच्या वर्गात हा विषय निघाला तेव्हा पहिला प्रश्न काय आला असेल? "बाई, मग त्या उसाचा रस प्यायला चालतो का?" चालतो. वनस्पतीचा विषाणू आपल्याला बाधत नाही. गुऱ्हाळवाल्याच्या बर्फाची काळजी जास्त करावी.)

बरं, औषध नाही. मग थांबवायचा कसा? त्यासाठी तो येतो कसा हे कळायला हवं. विषाणूला पाय नाहीत, पंख नाहीत. मोझॅकचा विषाणू वाऱ्यानं उडून येत नाही. मातीत किंवा वाळल्या पाचटातही तो टिकून राहत नाही. त्यामुळे रोगाच्या भीतीनं पाचट पेटवण्यात काही अर्थ नाही. पाचट कुजू द्यावं, जमीन तरी सुधारेल. मग हा येतो कसा? कोणाच्या तरी पाठीवर बसून. त्याची दोन वाहनं आहेत.

पहिलं वाहन मावा. ज्वारीच्या, मक्याच्या पोंग्यात हिरवट निळसर बारीक किडे चिकटलेले असतात, बोटाला चिकट लागतं, तोच हा. माव्याचं तोंड सुईसारखं असतं. उडत उडत तो एका रोगी उसावर उतरतो, सुई टोचून चव पाहतो, "हे काही आपलं खाणं नाही" म्हणून पुढच्या उसावर जातो, तिथेही टोचून बघतो. एवढ्यात काम झालेलं असतं. विषाणू सुईच्या टोकाला चिकटायला आणि पुढच्या पानात उतरायला काही सेकंद, फार तर काही मिनिटं पुरतात. मक्यावरचा मावा तर उसावर सहसा मुक्कामच करत नाही. तो वाटसरू आहे, आणि जाता जाता टोचतो.

म्हणूनच मोझॅकसाठी कीटकनाशक मारून फारसं साधत नाही. औषध लागून मावा मरेपर्यंत त्यानं दोनचार पानं टोचलेली असतात. हे कळलं की बाबांची फवारणी का नको ते कळेल. त्यापेक्षा बांधावरचं तण काढलं, मका-ज्वारी उसाला अगदी खेटून घेतली नाही, तर जास्त उपयोग.

दुसरं वाहन माव्यापेक्षा फार मोठं, फार वेगवान. ते दोन पायांवर चालतं, कधी बैलगाडीतून येतं, कधी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. ते वाहन म्हणजे आपणच.

पाहा हं. गहू पेरायचा तर गव्हाचे दाणे लागतात. ऊस लावायचा तर? उसाला तुरा येतो, त्यात बीही असतं, पण शेतकरी ते पेरत नाही. तो उसाच्याच टिपऱ्या करतो. एका टिपरीवर एक, दोन किंवा तीन डोळे. त्या सरीत दाबल्या की डोळा फुटतो, कोंब येतो, कोंबाचं बेट होतं. म्हणजे नवा ऊस हे जुन्या उसाचं मूल नसतं, तो जुनाच ऊस असतो, पुढे चालू ठेवलेला. जुन्या उसात विषाणू असला तर तो टिपरीत असतोच. टिपरी लावली की तोही लावला. कोंब जमिनीच्या वर येतो तो आजारीच येतो. मग तोडणीनंतर खोडवा ठेवला, की त्याच बुडख्यातून तोच आजार पुन्हा वर.

आणि एका एकरातलं बेणं साधारण दहा एकरांना पुरतं. पुढच्या वेळी शंभर एकर. विषाणूला याच्याहून चांगली गाडी कुठे मिळणार?

या गाडीनं किती लांबचा प्रवास होतो, ते सांगते. १८९२ साली जावा बेटावर, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, डच अभ्यासकांनी उसाच्या पानांवरच्या पिवळ्या रेघांच्या रोगाची नोंद केली. त्या काळी ऊस लावणारे देश एकमेकांकडून बेणं मागवायचे. नवी जात आली, की कौतुकानं लावायची. टिपरी वरून टवटवीत दिसायची, आत काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. १९१५-१६ च्या सुमारास हा रोग कॅरिबियन समुद्रातल्या प्युर्टो रिको बेटावर दिसू लागला आणि काही वर्षांतच अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातही.

लुईझियाना म्हणजे मिसिसिपी नदीच्या मुखाजवळचा प्रदेश. आपल्या सांगली-कोल्हापुरासारखा ऊसवाला मुलूख. चांगल्या वर्षी तिथे दोन-तीन लाख टन साखर व्हायची. शेतात जाडजूड, रसाळ, गोड अशा मोजक्याच जुन्या जाती. सगळ्यांकडे त्याच. मोझॅक आला, आणि त्या जातींना त्याच्याशी लढायची ताकदच नव्हती. आधीच मुळकूज होती, लाल कूजही होती, त्यात हा. १९२६ साली तिथली साखर पन्नास हजार टनांच्याही खाली आली. कारखाने बंद पडले, लोकांनी ऊस सोडला. या धंद्याचं आता संपलं, असं बोललं जाऊ लागलं.

या गोष्टीत एक डिटेक्टिव्हही आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातले ई. डब्ल्यू. ब्रँडेस. त्यांनी रोगी उसावरचे वेगवेगळे किडे निरोगी उसावर सोडून पाहिलं, यातला चोर कोणता. १९२० साली त्यांनी दाखवून दिलं, की मक्यावरचा मावा हा रोग पसरवतो. चोर सापडला खरा. पण चोरांची संख्या किती! एकेक मावा पकडून तर चालणार नव्हतं.

तोड निघाली ती जिथे रोगाची पहिली नोंद झाली त्या जावातूनच. तिथे पासुरुआन गावाच्या संशोधन केंद्रात उसाच्या जातींचे संकर करत होते. जावात कासूर नावाचा एक ऊस सापडला होता. मळ्यातला ऊस आणि रानगवत यांचा आपोआप झालेला संकर. हे रानगवत म्हणजे उसाचं चुलत भावंड. हिंदीत त्याला कांस म्हणतात. नदीकाठी त्याचे पांढरे तुरे तुम्ही पाहिले असतील. कासूर दिसायला बारीक, रसाला फिका, पण रोगाला दाद न देणारा. त्याचा मळ्यातल्या गोड उसाशी संकर, मग त्या संकराचा पुन्हा गोड उसाशी संकर. असं करत करत याकोब येस्वीट या शास्त्रज्ञांनी १९२१ साली 'पीओजे २८७८' ही जात तयार केली. गोडी मळ्याची, चिवटपणा रानाचा. दहा वर्षांच्या आत जावातल्या बहुतेक मळ्यांत ती पसरली. तिच्याच नात्यातल्या काही पीओजे जाती लुईझियानात गेल्या आणि तिथला ऊस पुन्हा उभा राहिला. रोग राहिला, पण ऊस त्याला पुरून उरला.

हेच ब्रँडेस आणि येस्वीट १९२८ साली उसाच्या रानटी जाती शोधायला न्यू गिनीच्या जंगलात गेले. कसे, माहीत आहे? पाण्यावर उतरणाऱ्या विमानातून! विमान नदीत उतरवायचं आणि काठावरच्या वस्त्यांतून टिपऱ्या गोळा करायच्या. शंभराहून अधिक प्रकार त्यांनी आणले. उसाच्या टिपऱ्यांसाठी विमान! आपल्याकडे बेणं आणायला ट्रॅक्टर मिळताना मारामार.

आपला देशही यात मागे नव्हता. १९१२ साली कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झालं. सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी तिथे मळ्यातला ऊस आणि आपल्याकडचं रानगवत यांचा संकर केला आणि १९१८ साली 'को २०५' ही जात उत्तर भारतातल्या शेतकऱ्यांच्या हाती दिली. पुढे १९३० च्या दशकात याच कोइमतूरच्या 'को २८१' आणि 'को २९०' या जाती लुईझियानाच्या शेतांत लावल्या गेल्या. मुलींनो, त्याच दशकात ई. के. जानकी अम्माळ या वनस्पतिशास्त्रज्ञ कोइमतूरला उसावर काम करत होत्या. त्यांच्यावर वेगळा लेख लिहायला हवा.

तुमच्या घरी 'को ८६०३२' हा शब्द रोज कानावर पडत असेल. त्यातला 'को' म्हणजे कोइमतूर आणि ८६ म्हणजे १९८६ साल. 'कोएम ०२६५' मधला 'एम' आपल्या महाराष्ट्राचा. उसाची नावं अशी वाचायची असतात.

मग चिवट जात लावली की झालं? नाही ना! इथेच खरी गंमत आहे. कोइमतूरला 'को ४२१' आणि 'को ३१२' यांचा संकर केला, त्याचं बी दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतात गेलं आणि त्यातून तिथे 'एनको ३१०' ही जात निवडली गेली. फार गुणाची. ती पुढे ऑस्ट्रेलियातही गेली आणि क्वीन्सलँड राज्यातल्या बंडाबर्ग भागात बहुतेक शेतांत तीच दिसू लागली. पण तिथे वेगळाच विषाणू टपून होता. त्या रोगाचं नाव फिजी रोग. पानाच्या खालच्या बाजूला शिरांवर गाठी येतात, नवी पानं टोकाशी अशी दिसतात की जणू गुरानं हबका मारलाय. त्याचं वाहन मावा नाही, तुडतुड्यासारखा दुसरा किडा. आणि या रोगापुढे 'एनको ३१०' एकदम हळवी! १९७० च्या दशकात तिथे रोगाचा भडका उडाला. शेवटी ती जात काढून दुसऱ्या चिवट जाती लावल्या, रोगी बेटं उपटली, तेव्हा १९८० च्या दशकात तो आटोक्यात आला. एका रोगाला भारी असलेला ऊस दुसऱ्याला भारी असेलच असं नाही. आणि सगळ्या गावानं एकच जात लावली, तर एकाच विषाणूला सगळं गाव मोकळं. परदेशातून आणलेली टिपरी आधी वेगळ्या जागी, तज्ज्ञांच्या नजरेखाली वाढवून पाहतात, ती याचसाठी.

आता आपल्या घराकडे या. आपल्याकडे मोझॅक आहेच, पण आणखी एक विषाणू गेल्या काही वर्षांत पसरला आहे. पिवळ्या पानांचा रोग. १९८८ साली तो हवाई बेटांवर लक्षात आला, भारतात त्याची नोंद १९९९ साली झाली. आपल्या लाडक्या 'को ८६०३२' वरही तो येतो. ऊस सहासात महिन्यांचा होईपर्यंत काही कळत नाही. मग पानाची मधली शीर खालच्या बाजूनं पिवळी पडू लागते, पिवळेपणा शिरेवरून पात्यात उतरतो, शेंड्याची पानं गुच्छासारखी जवळ येतात. शेतकरी म्हणतो, "जात म्हातारी झाली, पूर्वीसारखं वजन देत नाही." जात कशाला म्हातारी होईल! वर्षानुवर्षं तेच बेणं फिरवल्यानं आतले विषाणू साचत गेलेले असतात.

याचाही वाहक मावाच, पण उसावर राहणारा. आणि याची तऱ्हा वेगळी. मोझॅकचा विषाणू सुईच्या टोकावर बसतो आणि लवकर झडून जातो. हा माव्याच्या पोटात जातो, तिथून लाळेत येतो आणि एकदा आत गेला की तो मावा जन्मभर रोग वाटत फिरतो. एक पायरीवर उभं राहून जाणारा प्रवासी, दुसरा पासवाला.

बेणं स्वच्छ करायला उष्ण बाष्प हवेची प्रक्रिया आहे, हे तुमच्या वडिलांनी ऐकलं असेल. ५४ अंश सेल्सियसला अडीच तास टिपऱ्या ठेवतात. गवताळ वाढ आणि खोडवा खुजा होण्याचा रोग यांवर ती चांगली. पण ते विषाणूचे रोग नाहीत. पिवळ्या पानांचा विषाणू या उष्णतेला पुरून उरतो. त्याच्यासाठी वेगळीच युक्ती लागते.

युक्ती अशी. उसाच्या शेंड्याच्या अगदी आत, पोंग्यातलं एकेक पान सोलत गेलं की शेवटी वाढीचं टोक उरतं. एक मिलिमीटरहूनही लहान. तिथल्या पेशी इतक्या नव्या, की अन्नरस वाहणाऱ्या नळ्या अजून तिथवर पोचलेल्याच नसतात. नळ्याच नाहीत तर त्यातून येणारा विषाणू कसा पोचणार? ते टोक काचेच्या बाटलीत, पोषकद्रव्यांवर वाढवायचं. त्यातून रोपं करायची आणि विषाणू नाही ना याची तपासणी करून घ्यायची. यालाच ऊतिसंवर्धन म्हणतात, शेतकरी 'टिश्यूकल्चर' म्हणतो. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अशी रोपं तयार होतात. सहल निघाली तर बाईंना किंवा गुरुजींना आग्रह करा. बाटलीतला ऊस बघण्यासारखा असतो. गंमत म्हणजे त्याच म्हाताऱ्या म्हटलेल्या जातीची अशी स्वच्छ रोपं लावली, की ती पुन्हा पहिल्यासारखी जोमदार वाढते.

ही रोपं महाग, सगळ्या शेताला कशी पुरणार? म्हणून बेण्याचे तीन टप्पे केले आहेत. मूलभूत, त्यातून पायाभूत, त्यातून प्रमाणित. प्रत्येक टप्प्याला बेणं दहापट वाढतं. पण प्रत्येक टप्प्याला बेणेमळ्यात फिरून रोगी बेटं काढावी लागतात. नऊ ते अकरा महिन्यांचं निरोगी बेणं घ्यावं, खोडव्याचं घेऊ नये, आणि तीनचार वर्षांनी बेणं बदलावं, असं तज्ज्ञ सांगतात.

सांगतात खरं, पण ऐकायला जड जातं. कारण बेण्याचा व्यवहार नुसता पैशाचा नसतो. मामा म्हणतो, "अरे, माझ्या शेतात उभं आहे की बेणं, न्या हवं तेवढं, पैशाचं काय बोलता!" आता मामाला नाही कसं म्हणायचं? मला विचाराल तर नाही म्हणू नका, मामाला म्हणा, "आधी उभ्या फडात एक चक्कर मारू." पान उजेडाकडे धरून बघा. शीर बघा. चांगलं असेल तर आनंदानं आणा. रोगी असेल तर मामाचंही भलं त्यातच आहे, त्यालाही कळेल. एकदा फुकटात आणलेल्या बेण्याचा रोग लागणीच्या ऊसात, खोडव्यात, निडव्यात असा तीन पिकं घरात राहतो.

याहून जड दुसरी गोष्ट. रोगी बेट उपटणं. हातानं लावलेलं, पाणी पाजलेलं, डोळ्यांसमोर वाढलेलं बेट मुळासकट काढून टाकायचं! घरचे म्हणतात, "राहू द्या, चार उसांनी काय होतंय? तेवढंच वजन." त्या चार उसांवर उतरलेला मावा पुढे कुठे जातो ते आता तुम्हाला माहीत आहे. हे काम ऊस लहान असतानाच करायचं. लागणीनंतर दीडदोन महिन्यांनी एकदा, मग पुन्हा पुन्हा. उपटलेलं बेट बांधावर फेकायचं नाही, तिथे ते पुन्हा फुटतं. शेताबाहेर नेऊन पुरून टाकायचं. रिकाम्या जागी निरोगी रोप लावायचं.

या कामात तुमचे डोळे मोठ्यांच्या डोळ्यांपेक्षा तेज. सकाळी, ऊन चढायच्या आत, सूर्याकडे तोंड करून पोंग्याजवळचं कोवळं पान उजेडात धरायचं. पात्यावर फिकट आणि गडद हिरवे तुकडे विस्कटून पडल्यासारखे दिसले तर मोझॅकचा संशय. शिरा हिरव्या आणि मधल्या पट्ट्या सरळ लांब पिवळट-पांढऱ्या दिसल्या तर तो बहुधा केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. त्याला खरंच औषध आहे. पान तोडू नका, ज्या बेटावर शंका येईल त्याला रंगीत चिंधी बांधा आणि मोठ्यांना किंवा कृषी सहायकांना दाखवा. एकटं उंच उसात शिरायचं नाही. पात्याची धार अंग कापते आणि सापही असतात.

आता नेहमीप्रमाणे डोक्याला खाऊ. समजा, एका बेणेमळ्यात १०० बेटं आहेत, त्यातली ५ रोगी. दर लागणीला बेटं दहापट होतात आणि रोगी बेटांचं बेणंही त्यात मिसळतं. शिवाय मावा दर हंगामात रोगी बेटांची टक्केवारी दुप्पट करतो. कोणी एकही बेट उपटलं नाही, तर किती लागणींनंतर निम्म्याहून जास्त शेत रोगी होईल? तेव्हा उपटायची म्हटली तर किती बेटं उपटावी लागतील? आणि पहिल्याच वर्षी उपटली असती तर किती? दुप्पट हा आकडा मी गणितासाठी धरलाय, खऱ्या शेतात तो कमीजास्त होतो. उत्तर रीतीसकट पोस्टकार्डावर लिहा, वर्ग आणि गाव विसरू नका. बरोबर उत्तरवाल्यांची नावं पुढच्या महिन्यातल्या अंकात.